जर्मनीत नोकरी: ब्लू कार्ड की साधं वर्क परमिट? कागदपत्रांबद्दल सल्ला हवा आहे

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. स्टुटगार्टजवळच्या एका छोट्या कंपनीकडून डिझाइन इंजिनिअर म्हणून ऑफर आली आहे. वर्षाला ४७,५०० युरो ग्रॉस, त्यातले ३,००० परफॉर्मन्स बोनस. कंपनीने आजवर भारतातून थेट कुणाला नेलेलं नाही. त्यांच्या एचआरच्या बाई फार चांगल्या आहेत, पण "आम्ही नेमकं काय द्यायचं ते तुम्हीच विचारून सांगा" म्हणतात.

माझं शिक्षण डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी. ई. मेकॅनिकल. सोबत बायको (फार्मासिस्ट आहे) आणि चार वर्षांची मुलगी. इथला नोटीस पिरियड तीन महिन्यांचा. एक एजंट दीड लाख मागतोय आणि सगळ्या सर्टिफिकिटांना अपोस्टिल (परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) करून घ्या म्हणतोय.

ब्लू कार्ड (पदवीधर परदेशी लोकांना ठरावीक पगारावर मिळणारा वास्तव्य-परवाना) मिळेल का, की साधं परमिट घ्यावं? राजीनामा कधी टाकावा? तिकडे असलेल्यांनी कृपया सांगा, घरात सध्या दुसरा विषय नाही.

दूरदेशी

अभिनंदन! आधी पगाराचं बोलू, कारण तुमची गाडी तिथेच अडणार आहे.

ब्लू कार्डाची पगाराची मर्यादा दर जानेवारीला बदलते. २०२६ साठी ती ५०,७०० युरो आहे आणि तुटवड्याच्या पेशांसाठी ४५,९३४.२० युरो. इंजिनिअर तुटवड्याच्या यादीत येतात, म्हणजे तुम्हाला खालचा आकडा लागू. ४७,५०० त्याच्या वर दिसतात खरे, पण मोजताना फक्त हमखास मिळणारा पगार धरतात. कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस धरत नाहीत. ३,००० वजा केले की उरले ४४,५००. म्हणजे आहे त्या करारावर तुमचं ब्लू कार्ड नाकारलं जाऊ शकतं.

उपाय सोपा आहे. एकूण रक्कम तीच ठेवून बोनसमधले दीड-दोन हजार फिक्स पगारात टाकायला सांगा. कंपनीच्या खिशाला फारसा फरक पडत नाही, तुमच्या पुढच्या काही वर्षांना मात्र मोठा पडतो. सही करण्याआधी मागा, नंतर करारात दुरुस्ती करून घेणं जिवावर येतं.

साधं परमिट, म्हणजे जर्मन वास्तव्य कायद्याच्या कलम १८-ब वालं, पंचेचाळिशीच्या आतल्यांना पगाराच्या अशा ठरावीक आकड्याशिवाय मिळतं, फक्त पगार तिथल्या माणसाच्या तोडीचा हवा. पण ते पहिली पसंती म्हणून घेऊ नका. ब्लू कार्डावर पेन्शनचे हप्ते भरत २७ महिने काम केलंत आणि जर्मन ए-१ (भाषेची अगदी पहिली पातळी) असेल तर कायमच्या वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी-१ (मधली पातळी) असेल तर २१ महिन्यांतच. साध्या परमिटवर तीन वर्षं आणि बी-१ लागतं. शिवाय ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही. साध्या परमिटवर साधारणपणे ए-१ मागतात.

एचआरच्या बाईंना सांगा: सही केलेला करार आणि 'एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस' हा फॉर्म. रोजगार कार्यालयाचा आहे, नेटवर मिळतो. कामाचं स्वरूप, तास, पगार, सुट्ट्या सगळं त्यात भरायचं. खालच्या पगारमर्यादेवर ब्लू कार्ड घेताना रोजगार कार्यालयाची संमती लागते, ती या फॉर्मवर ठरते. कामाचं वर्णन 'टेक्निकल असिस्टंट' छापाचं नको. तुमच्या बी. ई. शी जुळणारं काम आहे हे वाचताक्षणी कळलं पाहिजे.

पारिजातक

डिग्रीबद्दल लिहिते. 'अनाबिन' नावाचा परदेशी विद्यापीठं आणि पदव्यांचा जर्मनीचा डेटाबेस आहे, फक्त जर्मनमध्ये. त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधायच्या: विद्यापीठापुढे 'एच प्लस' (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का, आणि तुमची पदवी यादीत समकक्ष म्हणून आहे का. दोन्ही पानांची प्रिंट काढून अर्जाला जोडायची. बरेच जण विद्यापीठाचं पान मिळालं की थांबतात.

तुमच्याकडे पहिल्या वर्षाच्या बी. ई. च्या मार्कशीट नसणार, हे तिथल्या अधिकाऱ्याला विचित्र वाटू शकतं. मी तुमच्या जागी असते तर अनाबिनवर विसंबले नसते, सरळ झेडएबीकडून (परदेशी पदव्या तपासणारं जर्मन कार्यालय) पदवीचं तुलनापत्र मागवलं असतं. फी २०८ युरो. डिप्लोमाच्या मार्कशीटही त्यासोबत द्या, म्हणजे पहिलं वर्ष कुठे गेलं हा प्रश्नच उरत नाही.

दुसरं म्हणजे नावं. आपल्या विद्यापीठांच्या सर्टिफिकिटांवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, कधी शेवटी आईचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. आपल्याला एका नजरेत कळतं, पण तिकडे बसलेल्या माणसाला हे दोन वेगळे लोक वाटतात. कव्हर लेटरमध्ये दोन ओळींत नावाची रचना समजावून सांगा. वहिनींचं लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर आहे का आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राशी जुळतं का, तेही आजच बघा. मुलीच्या जन्मदाखल्यावर तिचं नाव आहे ना? खूप दाखले बारशाच्या आधी काढलेले असतात, नावाची जागा कोरी राहते. पालिकेत जाऊन नाव चढवून घ्या, याला वेळ लागतो.

आणि अपोस्टिलला एक रुपयाही घालू नका! भारत २००५ मध्ये अपोस्टिलच्या हेग करारात आला तेव्हा जर्मनीने हरकत नोंदवली, त्यामुळे आपल्या कागदांवरच्या त्या शिक्क्याला जर्मनीच्या लेखी अर्थ नाही. गरज वाटली तर ते स्वतः पडताळणी करवून घेतात. जर्मनीच्या अर्जासाठी अपोस्टिल सांगणाऱ्या एजंटला दीड लाख देण्यासारखं काही नाही.

घाटमाथा

राजीनामा: पासपोर्टवर व्हिसा चिकटल्याशिवाय टाकू नका. ऑफर, अपॉइंटमेंट, "सगळं ओके आहे" असा फोन, यातलं काहीही पुरेसं नाही. तीन महिन्यांचा नोटीस पिरियड जर्मन कंपन्यांना नवीन नाही, त्यांच्याकडेही असतो. रुजू होण्याची तारीख व्हिसा मिळाल्यापासून पुढे धरा, करारात तशी सोय करून घ्या.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बोनसचं माझ्या लक्षातच येणं शक्य नव्हतं. आजच मेल टाकली.

अजून विचारतो. एचआरच्या बाईंनी कुठेतरी ४११ युरोंच्या जलद प्रक्रियेबद्दल वाचलंय. ती घ्यावी का? बायकोला तिकडे लगेच काम करता येईल का? आणि पोचल्यावर कार्ड मिळेपर्यंत माझ्याकडे नेमकं काय असतं?

घाटमाथा

४११ युरोवाली प्रक्रिया कंपनीने तुमच्या मुखत्यारपत्रावर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात सुरू करायची असते. ते कार्यालय रोजगार कार्यालयाची संमती वगैरे आधीच मिळवतं आणि पूर्वसंमतीचं पत्र देतं. ते पत्र आलं की भारतात तीन आठवड्यांत अपॉइंटमेंट आणि पूर्ण अर्जावर साधारण तीन आठवड्यांत निकाल, असा नियम आहे. बायको-मुलीलाही त्यात जोडता येतं. मी तर म्हणेन घ्याच.

दूरदेशी

घाटमाथा, इथे मी थोडा वेगळा. या प्रक्रियेचा वेग त्या गावच्या कार्यालयावर अवलंबून. काही कार्यालयं चटपटीत आहेत, काहींमध्ये फाइल तशीच पडून राहते, आणि तुम्ही भारतात बसून काही करू शकत नाही. कंपनीने आधी फोन करून तिथे सध्या किती वेळ लागतोय ते विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करा. २०२५ पासून व्हिसाचे अर्ज तिथेच भरता येतात, बोटांचे ठसे आणि मूळ कागद नंतर व्हीएफएस या व्हिसा अर्ज केंद्रात. व्हिसा फी ७५ युरो.

एक मात्र नीट ध्यानात ठेवा. १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारल्यावर फेरविचाराचा जुना अर्ज बंद झालाय. आता नवा अर्ज किंवा बर्लिनच्या कोर्टात दाद. म्हणून पहिलाच अर्ज भक्कम हवा. दोन आठवडे उशीर झाला तरी चालेल, पण अर्धवट कागद देऊ नका.

पासपोर्टची मुदतही बघा. ब्लू कार्ड जास्तीत जास्त चार वर्षांचं मिळतं, पण पासपोर्ट त्याआधी संपत असेल तर कार्डही तिथेच संपतं. दोन-अडीच वर्षंच उरली असतील तर अर्जाआधी भारतातच नवा करून घ्या.

पारिजातक

वहिनींबद्दल: ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते. पण फार्मासिस्ट हा तिकडे परवान्याचा पेशा आहे. परमिटवर 'नोकरीस मुभा' छापलेलं असलं तरी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभं राहायला त्या राज्याच्या आरोग्य खात्याची मान्यता आणि भरपूर जर्मन लागतं. त्यांनी भाषेचा क्लास तुमच्या व्हिसाची वाट न बघता आजच सुरू करावा. परीक्षेची सक्ती नाही म्हणून भाषा टाळणाऱ्या किती शिकलेल्या बायका मी जर्मनीत वर्षानुवर्षं घरी बसलेल्या बघते. फार वाईट वाटतं.

दूरदेशी

पोचल्यावरचं मी सांगतो.

सगळ्यात आधी आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत करायची. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग' हा एक पानी कागद लागतो. सुट्टीच्या भाड्याच्या खोल्यांवाले तो बहुधा देत नाहीत, म्हणून पहिल्या दोन-तीन महिन्यांची जागा ठरवतानाच "हा कागद देणार का" हे लेखी विचारा. नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने येतो. तो मिळेपर्यंत पगारातून सहाव्या वर्गाने कर कापू शकतात, आणि हा सगळ्यात जबर वर्ग आहे. जादा गेलेलं नंतर परत मिळतं, पण पहिल्या महिन्यांत हात आखडतो. अगदी साधी गोष्ट: टपालपेटीवर तुमचं आडनाव लावा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो, आणि तिथे सगळं पत्रानेच येतं.

मग परदेशी नागरिक कार्यालय. पासपोर्टवरचा व्हिसा हाच तोवरचा तुमचा परवाना, त्यावर काम करता येतं. कार्डाचा अर्ज व्हिसा संपायच्या आत गेलाच पाहिजे, अपॉइंटमेंट नंतरची मिळाली तरी चालते. अर्जाची पोच जपून ठेवा. कार्ड बर्लिनला छापून येतं, काही आठवडे जातात. फी १०० युरो.

मधल्या काळात व्हिसा संपला तर 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग' नावाचं तात्पुरतं पत्र देतात. हातात पडताच खिडकीसमोरच उघडून बघा, वास्तव्य कायद्याच्या कलम ८१ च्या कुठल्या पोटकलमावर खूण आहे. चौथ्यावर असेल तर जुने हक्क चालू, काम चालू, भारतात जाऊन परतही येता येतं. तिसऱ्यावर असेल तर देशाबाहेर पडलात की परत येताना विमानतळावर अडवतील. तुमचं चौथंच असायला हवं, कारण तुम्ही व्हिसावर आलेले असाल. खूण चुकीची असेल तर तिथल्या तिथे बोला, दिवाळीची तिकिटं काढल्यावर नाही.

कार्डासोबत कधी हिरवट रंगाचा घडीचा कागद मिळतो, 'त्सुझात्सब्लाट'. कंपनीचं नाव, कामाच्या अटी त्यावर असतात. कार्डाइतकाच महत्त्वाचा, पासपोर्टबरोबर ठेवा. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलली तर कार्यालयाला कळवावं लागतं, ते ३० दिवसांपर्यंत थांबवून तपासू शकतात. नोकरी गेलीच तर दोन आठवड्यांत तुम्ही स्वतः कळवायचं, कंपनी कळवेल म्हणून बसायचं नाही.

इंद्रायणीकाठ

बाईंचं उत्तर आलं! फिक्स पगार ४६,५०० करतायत, बोनस १,०००. त्यांच्या गावच्या कार्यालयाला उद्या फोन करणार आहेत. मुलीच्या जन्मदाखल्यावर खरंच नाव नाहीये, सोमवारी पालिकेत जातो.

प्रवासाच्या दिवसासाठी वेगळा विमा काढावा लागतो का?

पारिजातक

हो. तिकडचा सरकारी आरोग्य विमा नोकरीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होतो. पोचल्यापासून त्या दिवसापर्यंतचा विमा व्हिसाच्या वेळी मागतात. रुजू तारखेच्या पुढे पंधरा-वीस दिवस जास्तीचे घ्या. बायको-मुलगी नंतर येणार असतील तर त्यांचा वेगळा काढा, त्यांच्या तारखेने. आणि पालिकेत जाताना दोघांची आधार कार्डं आणि जुना दाखला मूळ न्या. नवीन दाखला इंग्रजीतही मागून घ्या.