दुकानाच्या क्रेडिट कार्डावर लेट फी : मदत हवी आहे

वाशीच्या मॉलमधल्या एका दुकानाने बँकेसोबत मिळून दिलेलं क्रेडिट कार्ड माझ्याकडे आहे. पूर्ण बिल ड्यू डेटलाच यूपीआयने भरलं, जमा दाखवलं दोन दिवसांनी. पुढच्या बिलात लेट फी ५००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०! रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच लेट फी लावता येते ना?

काउंटरवाले म्हणतात बँकेला विचारा, कस्टमर केअर म्हणतं ‘सिस्टीम जनरेटेड आहे’. यूटीआर नंबरासकट (पेमेंटचा व्यवहार क्रमांक) बँकेला ईमेल केला, तर तक्रार परस्पर ‘रिझॉल्व्ह्ड’. ओम्बड्समनकडे (रिझर्व्ह बँकेचा लोकपाल) जायचं तर बँकेच्या उत्तरासाठी ३० दिवस थांबायचं हे माहीत आहे. पण उत्तर असं गुळमुळीत आलं असेल, तर आधी नोडल ऑफिसरकडे (बँकेचाच वरचा तक्रार अधिकारी) जावंच लागतं का? आणि तोवर हे ५९० भरू, की न भरल्याने सिबिल (क्रेडिट स्कोअर) बिघडेल?