बाळ दूध टाकतं: तुम्ही कशावर लक्ष ठेवलंत?

लेक तीन महिन्यांची आहे. पाजून झालं की तोंडाच्या कडेने दूध येतं, कधी फुटलेलं. डॉक्टर म्हणाले, अन्ननलिकेच्या खालची झडप अजून कच्ची आहे. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत जास्त असतं आणि १० पैकी ९ बाळांचं वर्षाच्या आत थांबतं. ऐकून बरं वाटलं, तरी दुपटी बदलताना जीव घाबरा होतो. तुमचे अनुभव सविस्तर लिहा.

नाशिकची आई
आमच्या डॉक्टरांनी एकही तपासणी सांगितली नाही. कार्डावरचा वजनाचा आलेख पाहिला, लंगोट किती ओले होतात ते विचारलं. दिवसाला सहा तरी व्हायला हवेत. बाळ खेळतंय, वजन वाढतंय, मग निदान झालंच. दुपट्यावरचं दूध फार वाटतं गं. चमचाभर पाणी सांडून डाग बघ, मग अंदाज येईल.

मुलाचा बाबा
आमचं वेगळं होतं. महिन्याच्या आतच दूध चिळकांडीसारखं लांब उडायला लागलं. ओकून झालं की लगेच भुकेने रडायचा. लघवी कमी झाली, वजन उतरलं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून दाखवला आणि डॉक्टरांनी त्याच दिवशी सोनोग्राफी करवली. जठरातून आतड्याकडे जाणाऱ्या वाटेचा स्नायू जाड झाला होता: पायलोरिक स्टेनोसिस. आधी सलाईन लावून क्षार भरून काढले, मग ऑपरेशन. व्हिडिओ जरूर काढा. दवाखान्यात बाळ नेमकं ओकत नाही.

सिस्टर, बालरोग वॉर्ड
उलटी हिरवी असेल तर थांबू नका. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. रात्र असो, पाऊस असो, निघा. रक्त दिसलं किंवा बाळ मलूल पडलं तरी तसंच.

साताऱ्याची आजी
आमच्या वेळी पोरांना कुशीवर निजवत. नातीच्या वेळी डॉक्टरांनी बजावलं, दूध टाकलं तरी उताणंच झोपवा, उशी नको. पाजल्यावर सून तिला थोडा वेळ उभी धरायची.

पुण्याची आई
आमच्याकडे दूध टाकण्याबरोबर बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या रेषा दिसल्या. गाईच्या दुधाची ॲलर्जी असावी, असं डॉक्टरांना वाटलं. अंगावर पाजत होते, म्हणून मीच दूध, दही, पनीर सगळं बंद केलं. रेषा गेल्या. खात्रीसाठी त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा दूध सुरू केलं आणि रेषा परत दिसल्या, तेव्हा निदान पक्कं झालं.