‘मुसळ खेळ’ की ‘मुसळ नृत्य’?

प्रश्न, मडगावहून :

गोव्यातल्या चांदर गावात मुसळं आपटत, गात-नाचत होणाऱ्या मुसळ खेळावर एका अंकासाठी मराठीतून लेख लिहिला आहे. छपाईआधी शीर्षकात ‘मुसळ नृत्य’ असा बदल सुचवण्यात आला. कारण असं दिलं की मराठीत खेळ म्हणजे क्रीडा. गोव्याबाहेरच्या वाचकाला खो-खो, लंगडीसारखं काही वाटेल. मूळ शब्द ठेवायचा असेल तर त्याला मराठीतून आधार आहे का, की हा निव्वळ कोकणीचा शब्द समजायचा?

उत्तर, फोंड्याहून :

ताई, शीर्षक बदलू नका. मराठीतून आधार आहे आणि तो भक्कम आहे.

क्रीडा हा खेळाचा एक अर्थ झाला. संस्कृतातल्या ‘खेल्’ धातूचा अर्थ डुलणं, झुलणं, इकडून तिकडे हलणं. मराठीने हा जुना अर्थ सोडलेला नाही. घरात हवा खेळती असावी असं आपण म्हणतो, वाफ्यांत पाणी खेळवतो, धंद्याला खेळतं भांडवल लागतं. यांत कुठे हारजीत आहे? फुगडी, झिम्मा, मंगळागौरीचे खेळ, रंग खेळणं, सगळं त्याच अर्थाचं. नाटकाला ‘प्रयोग’ हा शब्द रुळला तरी ‘नाटकाचा खेळ’ मागे पडला नाही, आणि सिनेमाचा ‘सहाचा खेळ’ तर तिकीटखिडकीवरचा रोजचा शब्द होता. रत्नागिरी-संगमेश्वराकडे शिमग्यात गावोगाव फिरतात ते ‘नमन-खेळे’. तिथल्या माणसाला ‘खेळे आले’ म्हटल्यावर खो-खो आठवणार नाही.

गोव्यात या शब्दाची मुळं आणखी खोल आहेत. पौषात बायका रात्री मांडावर धालो खेळतात. दोन ओळी समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात गुंफलेले, गाणं म्हणत वाकत पुढे यायचं आणि तसंच मागे जायचं. ‘खेल्’ धातूचा अर्थ समजावून सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडत नाही. मांड ही वाड्यावरची ठरलेली, पवित्र मानलेली जागा. शिगमोही तिथूनच सुरू होतो, आधी नमन आणि मग पुढचं सगळं. (शिगमो आणि शिमगा हे दोन्ही शब्द ‘सुग्रीष्मक’ या एकाच संस्कृत शब्दापासून आले असं सहसा मानतात.)

शिगम्यातल्या माणसांची नावं बघा. मांडावर उतरणारा खेळगडी. टाळांच्या ठेक्यावर नाचतात ती तालगडी. डिचोली तालुक्यातल्या साळ गावी होळीच्या दिवसांत रात्री ज्यांचा उत्सव होतो ते गडे. देशावर खेळगडी म्हणजे लहानपणीचा सवंगडी. इथे तोच शब्द नेम पाळून मांडावर येणाऱ्या, घरच्या कामासारखीच गावाची ही जबाबदारी उचलणाऱ्या माणसाला लागतो. ‘नर्तक’ म्हटलं की यातला नेमही गेला आणि गावही गेलं.

आता तुमचा चांदर. कदंबांची राजधानी चंद्रपूर ती हीच. मुसळ खेळ होतो इंत्रुजात, म्हणजे कार्निव्हलच्या चार दिवसांत, सोमवारी. (इंत्रुज हा पोर्तुगीज ‘एंत्रुदू’चा कोकणी अवतार. उपवासकाळाच्या उंबरठ्यावरचे ते दिवस.) खेळणारे गावातले ख्रिस्ती लोक, हातात भात कांडायची मुसळं, ती जमिनीवर आपटत ठेका धरायचा. परंपरा सांगते की हा विजयनगरच्या हरिहराच्या विजयाचा आनंद आहे, आणि गाण्यात हरिहराचं नाव येतं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं ख्रिस्ती धर्मन्यायालय, 1560 ला आलं आणि 1812 ला कायमचं उठलं. त्या अडीचशे वर्षांत रीतिरिवाजांवर, वाद्यांवर, गाण्यांवर काय काय बंधनं आली ते आपल्याला माहीत आहे. धर्म बदलला, पंचांग बदललं, सणाचं नाव बदललं, आणि चौदाव्या शतकातल्या राजाचं नाव मुसळाच्या ठेक्यावर टिकून राहिलं. हे टिकलं ते कुणी बखर लिहिली म्हणून नव्हे. वर्षाच्या एका ठरल्या दिवशी, ठरल्या ठिकाणी, ठरल्या घराण्यांनी ते करायचंच असतं म्हणून टिकलं. ज्याला दिवस आहे, जागा आहे आणि मानकरी आहेत, त्याला आपली माणसं खेळ म्हणतात. नृत्याला यातलं काहीच लागत नाही. ते कुठल्याही महिन्यात, कुठल्याही सभागृहात होऊ शकतं.

म्हणून माझा आग्रह आहे. ‘मुसळ नृत्य’ छापलंत तर पाय आणि मुसळं दिसतील, सोमवार दिसणार नाही, हरिहरही दिसणार नाही.

भर, पेडण्याहून :

आमच्याकडे दशावताराला जुनी माणसं ‘खेळ’च म्हणतात. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात होतो तो खेळ, तेच कलाकार शहरातल्या सभागृहात आले की ‘प्रयोग’. माणसं तीच, संकासूर तोच. जागा आणि निमित्त बदललं की शब्द बदलतो, हे वरच्या मुद्द्याला धरूनच आहे. पणजीच्या शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत किंवा स्पर्धेच्या मंचावर पथक उतरतं तेव्हा ‘लोकनृत्य’ लिहिलेलं मला खटकत नाही. मांडावरच्या बातमीत तेच लिहिलेलं मात्र खटकतं.

मडगावहून पुन्हा :

हे पटलं. आमच्या सासष्टी तालुक्याचं एक उदाहरण मीही जोडते. इंत्रुजात वाड्यावाड्यांतून फिरून अंगणात छोट्या नाटिका करायच्या, त्यांना इथे ‘खेळ’च म्हणतात. तियात्राची, म्हणजे कोकणी रंगमंचीय नाटकाची, सुरुवात 1892 मध्ये मुंबईत झाली; अंगणातला खेळ पुढे त्या तऱ्हेच्या रंगमंचावर चढला तेव्हा नाव झालं ‘खेळ-तियात्र’. जोडीला पोर्तुगीज ‘तेआत्रु’पासून आलेला शब्द घेतला, तरी खेळ कुणी काढून टाकला नाही.

आता क्रियापदाचं काय? लेखात मी ‘मुसळ खेळ सादर करतात’ असं लिहिलं आहे.

उत्तर, फोंड्याहून :

‘सादर करणे’ला समोर प्रेक्षक लागतात, पाहुणे लागतात. चांदरला लोक बघायला गर्दी करतात हे खरं, पण गर्दी नसली तरी खेळ व्हायचाच. ‘मुसळ खेळ खेळतात’ लिहा. धालो खेळतात, फुगडी खेळतात, तसंच. द्विरुक्ती कानाला बोचत असेल तर ‘सोमवारी चांदरला मुसळ खेळ होतो’. खेळणाऱ्यांसाठी ‘कलाकार’ऐवजी ‘खेळणारे’ किंवा ‘खेळे’. मात्र चांदरचे लोक स्वतःला काय म्हणवतात ते आधी विचारून घ्या, आणि तेच छापा.

बाहेरच्या वाचकाची काळजी शीर्षकात नको, पहिल्या वाक्यात घ्या : ‘इंत्रुजाच्या सोमवारी चांदरचे ख्रिस्ती गावकरी मुसळं हाती घेऊन जो गात-नाचत खेळ खेळतात, तो मुसळ खेळ.’ सोलापूरच्या वाचकालाही एवढ्यावर कळेल.