खांदा सारखा निखळतोय, सीटीत हाड झिजलेलं : दुर्बीण की लाटारजे?

गोदाकाठ_परभणी
नमस्कार. धाकटा भाऊ २१ वर्षांचा, कबड्डीत चढाई करतो. पकडीत उजवा हात मागं ओढला गेला तेव्हापासून खांदा निखळतोय. आता झोपेत कूस बदलली तरी उतरतो. एका डॉक्टरांनी एमआरआय बघून दुर्बिणीनं बँकार्ट, म्हणजे खांद्याच्या वाटीची फाटलेली मऊ कड शिवायचं ऑपरेशन, करू म्हटलं. दुसऱ्यांनी सीटी काढून लाटारजे, म्हणजे वाटीला हाडाचा तुकडा बसवायचं उघडं ऑपरेशन, सांगितलं. सीटीत आहे: ग्लेनॉइड (खांद्याची वाटी) २६ मिमी, बोन लॉस ५ मिमी, हिल-सॅक्स इंटरव्हल १९ मिमी. आई उघड्या ऑपरेशनला घाबरतेय. पोराला खेळायचंच आहे. काय करावं?

हाडांचा_डॉक्टर
दादा, सीटी काढायला लावला हे फार बरं झालं. एमआरआयमध्ये फाटलेला लॅब्रम, म्हणजे वाटीभोवतीची मऊ कड, दिसतो, पण हाड मोजायला थ्रीडी सीटीसारखं दुसरं काही नाही. त्यात दंडाच्या हाडाचा गोळा बाजूला करून खांद्याची वाटी समोरून बघतात, खालच्या भागावर वर्तुळ बसवतात आणि पुढची कड किती कमी पडते ते मोजतात.

२६ पैकी ५ म्हणजे साधारण १९ टक्के. २५ च्या वर असतं तर कुणी दुर्बिणीचं नावच काढलं नसतं. तुमचं प्रकरण काठावरचं, म्हणून गोळ्याच्या मागची खाच, म्हणजे हिल-सॅक्स, बघायची. २६ चे ८३ टक्के २१.६, त्यातून गेलेले ५ वजा केले की १६.६ मिमी. हा वाटीचा ट्रॅक, म्हणजे हात फिरताना गोळ्याचा वाटीला टेकणारा पट्टा. खाच १९ ची, म्हणजे ट्रॅकच्या बाहेर. हात वर करून बाहेर वळवला की ती कडेत अडकते आणि खांदा निसटतो. नुसता लॅब्रम शिवून हे थांबणार नाही.

लाटारजेत कोरॅकॉइडचा (खांद्याच्या फऱ्याच्या पुढं आलेल्या हाडाचा) तुकडा त्याच्या स्नायूसकट काढून वाटीच्या पुढच्या कडेला स्क्रूनं बसवतात. ते ५ मिमी भरून निघाले की ट्रॅक २१ च्या पुढं जातो, खाच आत येते. शिवाय हात वर गेला की तोच स्नायू गोळ्याला पुढून पट्ट्यासारखा अडवतो. दुर्बिणीनंच करायचं तर बँकार्टसोबत रेम्प्लिसाज, म्हणजे मागचा स्नायू खाचेत शिवणं, हा पर्याय आहे. पण कबड्डीच्या चढाईपटूला मी लाटारजेच सांगेन. नसा अगदी जवळ असतात, म्हणून हे ऑपरेशन नेहमी करणारा सर्जनच गाठा. भावाला फिट येते का? तंबाखू?

फिजिओ_लातूर
आईंना सांगा, छेद बोटभर लांबीचा असतो. त्यानंतर काही आठवडे हात झोळीत. घाई करू देऊ नका. तुकडा जुळल्याचं सीटीत दिसेपर्यंत पकड नाही, मैदान साधारण सहा महिन्यांनी.

गोदाकाठ_परभणी
फिट नाही. तंबाखू खातो. फुले योजनेत बसेल का?

हाडांचा_डॉक्टर
तंबाखू आजच बंद करा, निकोटीननं हाड जुळायला त्रास होतो. योजनेचं त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्रांना ऑपरेशनचं नाव सांगून विचारा. आणि जाताना सीटीची सीडी न्या, नुसता कागद नको. सर्जनला मापं स्वतः घेता आली पाहिजेत.