"बाजारात चालताना दिसतात, मग कसले अपंग?" या पोस्टला माझं उत्तर

सांखळीची_ताई:
इथे गोव्यात आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर काल एकाने लिहिलं की अपंगांची पेन्शन घेणारे निम्मे लोक धडधाकट आहेत, मी त्यांना बाजारात पिशव्या घेऊन चालताना बघतो, आणि अर्ज तर आता ऑनलाईन, घरबसल्या होतो, तरी रड चालूच. खाली अंगठ्यांचा ढीग. तिथे चार ओळींपलीकडे कोण वाचत नाही म्हणून इथे लिहितेय.

माझा भाऊ खाणीवर ट्रक चालवायचा. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या सुरू, २०१८ ला परत बंद, मिळेल ती गाडी चालवत होता. त्यात अपघात होऊन एक डोळा गेला आणि घोटा वाकडाच जुळला. तो बाजारात चालतो. पिशवी पण उचलतो. पण ड्रायव्हरकी गेली, आणि दुसरं काम त्याला कोण देत नाही.

आता अपंगत्वाच्या टक्क्यांचं बघा. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला की केंद्राच्या नियमाप्रमाणे ३० टक्के पडतात. ४० च्या खाली असलं की पेन्शन नाही. पायाचे २० पडले. ३० आणि २० म्हणजे ५० होत नाहीत, ९० मधून मोठा आकडा वजा करायचा, त्याने लहान आकड्याला गुणायचं, ९० ने भागायचं आणि आलं ते मोठ्यात मिळवायचं. ४३ येतात. म्हणजे भाऊ बसतो. पण त्यासाठी डोळ्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टरने मिळून एकच दाखला द्यायला हवा. आम्हाला इस्पितळातून दोन वेगळे कागद दिले, आणि अर्जाच्या खिडकीवर सांगितलं दोन्ही ४० च्या खाली, घेता येत नाही. परत बोर्डावर, म्हणजे दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या समितीकडे जा. बोर्ड ठरलेल्या वारीच बसतो, त्यात एक डॉक्टर रजेवर असला की पुढची तारीख.

ऑनलाईन म्हणणाऱ्यांनी एवढं तरी समजून घ्या. जून २०२१ पासून दाखला केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच निघतो हे खरं, अर्ज घरून भरता येतो हेही खरं. तपासणी घरून होत नाही. आधी नियमात दाखला द्यायला एक महिना होता, २०२४ च्या दुरुस्तीत तीन महिने केले. तो हातात आला की मग दयानंद सामाजिक सुरक्षेचा, म्हणजे गोवा सरकारच्या पेन्शनचा अर्ज, त्याला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक, आधार, सगळं वेगवेगळ्या दारांत. मंजूर झालं तरी दर वर्षी हयातीचा दाखला. गेलेला डोळा परत येणार नाही हे ज्या सरकारच्या डॉक्टरने लिहून दिलं, त्याच सरकारने पुढचे कागद स्वतः गोळा करावेत, डॉक्टर पंचायतीत आणून बसवावेत, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्याला चालायला त्रास आहे त्यालाच सगळ्यात जास्त चालवतात.

म्हापशेकर:
ती पोस्ट माझी नव्हे, पण मुद्दा मला पटतो. खोटे आहेत. मेलेल्यांच्या नावावर दयानंदचे पैसे जात होते हे आपल्याच राज्यात उघड झालेलं आहे, त्यानंतर हयातीचा दाखला कडक झाला. २०२४ ला प्रशिक्षणार्थी आयएएस पूजा खेडकरच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरून वाद झाला, यूपीएससीने नाव बदलून जादा संधी घेतल्या म्हणून उमेदवारी रद्द केली, सगळ्या देशाने बघितलं. तपासणी ढिली केली की खोटा आधी घुसतो आणि खरा मागे राहतो. तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, पण एका घरावरून नियम ठरत नाही. आमच्या वाड्यावर एक जण आहे, अपंगाचं कार्ड आहे आणि रोज फुटबॉल खेळतो.

सांखळीची_ताई:
त्याचं अपंगत्व कसलं आहे ते विचारलं का तुम्ही त्याला? ऐकू येत नसेल तर फुटबॉल खेळायला काय अडचण?

फोंड्याचा_बाप:
चालता-फिरता म्हणता ना, माझा मुलगा चालतो-फिरतो. रात्री दोनला उठून रस्त्यावर चालायला लागतो. स्किझोफ्रेनिया आहे. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया आहे, सिकल सेल आहे, यातलं बाजारात उभं राहून तुम्हाला काय दिसणार? आणि आमचा दाखला मुदतीचा. मुदत संपली की परत तपासणी. आजार कमी-जास्त होतो म्हणून मुदत घालतात ते मला मान्य आहे, पण त्या दिवशी तो नेमका बरा असतो, डॉक्टरशी नीट बोलतो, आणि माझ्या पोटात गोळा येतो की आता टक्के उतरवणार. मुलगा बरा दिसला म्हणून बापाला भीती वाटावी अशी वेळ कोणावर येऊ नये. म्हापशेकर, हे तुम्हाला उद्देशून आहे.

निवृत्त_लेखनिक:
मी खिडकीच्या आतल्या बाजूला नोकरी केली. सगळे आम्हालाच बोलतात. ४० च्या खालचा कागद घेतला तर उद्या ऑडिटमध्ये आमच्याच अंगावर येतं, टक्के मिळवायचं गणित आम्हाला येत असलं तरी ते करायचा अधिकार आम्हाला नाही, तो बोर्डाचा. ताईंना परत पाठवलं ते नियमाने बरोबर. तो एकच कागद कोणाकडून आणायचा ते लिहून द्यायला हवं होतं, ते बहुतेक ठिकाणी देत नाहीत, एवढं मान्य करतो. खोट्यांसाठी त्याच कायद्यात कलम ९१ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ते वापरा. रांगेतल्या सगळ्यांना संशयित धरून खोटे कमी झालेले मी माझ्या नोकरीत बघितले नाहीत.

दोडामार्गची_सून:
मी वाचतच होते पण १५ वर्षांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मला लहानपणी पोलिओ झाला. माहेरी, महाराष्ट्रात होते तोवर तिथल्या सरकारच्या संजय गांधी निराधारचे पैसे मिळायचे. लग्न करून डिचोली तालुक्यात आले, तिकडचे बंद झाले, बरोबरच आहे, मी तिथे राहत नाही. इथे १५ वर्षं पूर्ण नाहीत म्हणून इथेही नाही. नवरा इथला, सासू-सासरे इथले, मतदान इथे, मुलं इथल्या शाळेत. कायद्याच्या कलम ५८ मध्ये लिहिलंय की दाखला देशभर चालेल. दाखला चालतो. पैसे चालत नाहीत. माहेर आणि सासर यात एक नदी आहे फक्त.

पेडणेकार:
वाईट वाटून घेऊ नका वहिनी, पण ती १५ वर्षांची अट काढली तर काय होईल ते बघा. गोंय लहान आहे. उद्या भायले, म्हणजे बाहेरचे येऊन दोन वर्षांत भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर कागद करतील आणि आमचे म्हातारे रांगेत मागे जातील. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात तेच झालं होतं, आमच्या लोकांना खाट मिळेना, शेवटी २०१८ मध्ये बिगरगोमंतकीयांना शुल्क लावावं लागलं. गोव्याचा पैसा आधी गोंयकारांना, यात चुकीचं काय?

दोडामार्गची_सून:
बांबोळी काढलंत म्हणून बोलते. सिंधुदुर्गातून माणूस बांबोळीला हौसेने येत नाही, जवळ दुसरं मोठं इस्पितळ नाही म्हणून येतो. आणि तिळारीचं धरण दोडामार्गात आहे. आमच्या बाजूची गावं त्या पाण्याखाली गेली. त्याचं पाणी अस्नोड्याला आणि चांदेलला शुद्ध होऊन बार्देशात आणि तुमच्या पेडण्यात नळाला येतं. पाणी घेताना कोण १५ वर्षं मोजत नाही.

पेडणेकार:
तिळारी हा दोन राज्यांचा प्रकल्प आहे, गोव्याने पैसे मोजलेत, फुकट कोणी दिलं नाही. आणि कालवा फुटला की आमचे नळ कोरडे पडतात ते कोण बघतं? पेन्शनमध्ये धरण कशाला आणता?

दोडामार्गची_सून:
बांबोळी कोणी आणली आधी?

सत्तरीचा_शिक्षक:
पेडणेकारदादा, भायले भायले करताना एवढं बघा, पेडण्यातल्या किती घरांत सावंतवाडी-दोडामार्गच्या सुना आहेत. माझी आई बांद्याची. तिला कोणी भायली म्हटलं असतं तर माझ्या बाबांनी त्याला पायरी चढू दिली नसती. भाड्याच्या खोलीवाला आणि लग्न होऊन आलेली बाई यांना एकाच काट्याने तोलू नका.

पेडणेकार:
माझ्या घरातल्यांवर जाऊ नका. माझी बायको सावंतवाडीचीच आहे आणि मी तिच्यासाठी कधी काही मागितलेलं नाही.

सत्तरीचा_शिक्षक:
तुम्हाला गरज पडली नाही, म्हणून मागितलं नाही. वहिनींना पडली आहे.

पेडणेकार:
ठीक. गोंयकाराशी लग्न झालेल्या बाईला सूट द्या, नवऱ्याची १५ वर्षं धरा, माझी हरकत नाही. अट मात्र राहायलाच हवी, यावरून मी हलणार नाही.

चाकांवरून:
धरणावरून खाली उतरा आता. मी व्हीलचेअरवर असतो. पणजीत २०२३ पासून अपंगांचा पर्पल फेस्ट होतो, मी जातो, मला आवडतो, तिथे रॅम्प असतो आणि माणसं तोंडाकडे बघून बोलतात. पण मला उत्पन्नाचा दाखला ज्या कचेरीतून आणावा लागला ती पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद होती, आणि शिपायाने सांगितलं घरच्यांना पाठवा. घरचं म्हणजे आई, तिचे गुडघे गेलेत.

आणि रकमेबद्दल कोणीच बोलत नाही. ज्येष्ठांना दयानंदचे २००० मिळतात. अपंगांचं काय? कायद्याच्या कलम २४ मध्ये आहे की तशाच इतर योजनेपेक्षा अपंगाची रक्कम निदान २५ टक्क्यांनी जास्त हवी. दोन हजारावर पंचवीस टक्के म्हणजे अडीच हजार. महाराष्ट्राने २०२५ मध्ये संजय गांधी निराधारात अपंगांना १५०० चे २५०० केले. केंद्राचे तर ३०० रुपये, तेही ८० टक्क्यांच्या वर आणि दारिद्र्यरेषेखाली असला तरच. ३०० रुपयांत बोर्डावर जायची रिक्षा होत नाही.

म्हापशेकर:
रक्कम वाढवा, मी नाही म्हटलेलं नाही. फोंड्याच्या बापांचं वाचलं. मानसिक आजार माझ्या डोळ्यांसमोर नव्हता, बाजारात बघून ठरवता येत नाही हे मानतो. पण फुटबॉलवाला ऐकू न येणारा नाही, माझ्याशी रोज बोलतो, त्यामुळे माझा संशय कायम आहे. आणि ताई, तुमचं ते पंचायतीत डॉक्टर आणून बसवायचं, प्रत्येक पंचायतीत तीन तीन तज्ज्ञ कुठून आणणार? इस्पितळातले रुग्ण कोण बघणार त्या दिवशी?

सांखळीची_ताई:
प्रत्येक पंचायतीत नको. तालुक्याला एक दिवस, तिन्ही तज्ज्ञ एकाच खोलीत, टक्के तिथेच एकत्र करून एकच कागद. त्याच दिवशी मामलेदाराचा माणूस उत्पन्नाच्या दाखल्याला बसवा. तळमजल्यावर. आणि संशय असेल तर तक्रार लेखी द्या, नाव घालून, कलम ९१ आहेच, ग्रुपवर सगळ्यांना खोटं ठरवू नका. फोंड्याच्या भाऊंनी मुलाला घेऊन त्या ग्रुपवरची पोस्ट वाचली असती तर?

निवृत्त_लेखनिक:
ताई, भावासाठी एक करा. दोन्ही कागदांच्या झेरॉक्स जोडून इस्पितळाच्या प्रमुखाच्या नावे लेखी अर्ज द्या, एकत्रित टक्केवारीचा एकच दाखला मिळावा म्हणून, आवकचा शिक्का घ्या. नाकारलं तर कलम ५९ खाली अपील आहे. तोंडी काही विचारू नका. आणि डिचोलीच्या वहिनींनी वास्तव्याच्या अटीत सूट मागणारा अर्ज अपंग आयुक्तांकडे द्यावा, नवऱ्याचा वास्तव्याचा दाखला आणि लग्नाची नोंद जोडून. मिळेलच असं सांगत नाही, पण लेखी नकार हातात असला की आमदाराला पुढे विचारता येतं.

दोडामार्गची_सून:
लग्नाची नोंद आहे काका, मराठीत अर्ज दिला तर घेतात ना?

निवृत्त_लेखनिक:
घेतलाच पाहिजे. राजभाषा कायद्यात मराठी आहे. नाही म्हणाले तर तेही लेखी मागा.