मार्च-एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या ओढ्यांवर फ्लाय फिशिंग : कुठे जावे, कशाने सुरुवात करावी? सल्ला हवा

वहाळकाठ

नमस्कार मंडळी. माझे बालपण मालवण तालुक्यात गेले, त्यामुळे खाडीवर आणि पावसाळ्यात वहाळावर गरवायला जाणे अंगवळणी पडलेले आहे. परंतु फ्लाय फिशिंग, म्हणजे किड्यासारखी बांधलेली कृत्रिम माशी लावून मासे पकडणे, हा प्रकार मला अगदी नवा आहे. सध्या एडिसनला राहतो. हिवाळ्यात नऊ फुटी, पाच वेटची (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) काठी, रीळ आणि तरंगती लाइन असा तयार संच घेतला असून घरामागच्या हिरवळीवर लाइन फेकण्याचा सराव चालू आहे. उन्हाळ्यापर्यंत थांबण्याचा धीर नाही, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच सुरुवात करावी असे मनात आहे.

घरापासून गाडीने दीड तासाच्या आत असलेला, नवख्याला झेपेल असा कोणता ओढा किंवा नदी आपण सुचवाल? इतक्या थंडीत ट्राउट (थंड गोड्या पाण्यातला मासा) गळाला लागतो का, आणि लागत असेल तर दिवसाच्या कोणत्या वेळी जावे? दुकानात कृत्रिम माश्यांचे एवढे प्रकार मांडलेले असतात की निवड करणे अशक्य होते, तेव्हा मोजक्या कोणत्या घ्याव्यात तेही सांगावे. आणखी एक प्रश्न जरा संकोचाने विचारतो : मासा घरी आणता येतो का? मालवणी घरात रिकाम्या हाताने परतणाऱ्याचे स्वागत कसे होते, हे इथल्या अनेकांना ठाऊक असेलच.

मस्कीशेजारी

आपली काठी योग्य आहे; तिच्यावर आणखी पैसे घालू नयेत. त्याऐवजी पाण्यात बुडवायचा एक साधा थर्मामीटर घ्यावा, कारण मार्चमध्ये मासा लागेल की नाही हे माशीच्या निवडीपेक्षा पाण्याच्या तापमानावर अधिक ठरते. पाणी ४० अंश फॅरनहाइटच्या आसपास असते तेव्हा ट्राउटची पचनक्रिया मंदावलेली असते, त्यामुळे तो डोहाच्या तळाशी संथ पाण्यात पडून राहतो आणि अगदी तोंडासमोरून गेलेला घासच तेवढा घेतो. पंचेचाळिशीच्या पुढे तो थोडाफार सरकू लागतो आणि पन्नाशी गाठली की खळाळात येऊन खाऊ लागतो. म्हणून या दिवसांत पहाटे उठून निघण्याचा कोकणातला शिरस्ता विसरावा. सकाळी भरपेट न्याहारी करून अकराच्या सुमारास पोहोचावे आणि दुपारी चारपर्यंत गरवावे.

यालाही एक अपवाद आहे, आणि तो पुस्तकी हिशेबात सहसा सापडत नाही. डोंगरउतारावर बर्फ शिल्लक असताना लख्ख ऊन पडले, तर आपल्याला उबदार वाटणाऱ्या त्या दुपारीच वितळलेले पाणी ओढ्यात उतरते आणि तापमान सकाळपेक्षाही खाली जाते. अशा वेळी बर्फ संपलेल्या खोऱ्यातला ढगाळ, सौम्य दिवस केव्हाही बरा.

जागेविषयी माझे मत स्पष्ट आहे : मस्कोनेटकाँग नदी, आमची मस्की. हिच्या खोऱ्यात चुनखडीचा दगड असल्यामुळे ठिकठिकाणी झऱ्यांचे पाणी मिसळते. झऱ्याचे पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचे राहते, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस ते नदीपेक्षा उबदार असते. पॉइंट माउंटन भागातल्या पट्ट्यात फक्त कृत्रिम आमिष चालते, त्यामुळे तिथे गर्दीही तुलनेने कमी असते. तिथले डोह आणि खळाळ एकाआड एक असल्याने पाणी वाचायला शिकण्यासाठी ही नदी उत्तम आहे.

पद्धत म्हणाल तर तूर्त पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या माशीचा विचार सोडावा आणि निम्फ (पाण्यातल्या किड्याच्या पिल्लासारखी, बुडणारी माशी) तळाशी न्यावी. लाइनच्या पुढे नऊ फुटी लीडर (निमुळता होत जाणारा दोरा), त्याला ५एक्स जाडीचा टिपेट (शेवटचा बारीक दोरा), टोकाला १४ किंवा १६ क्रमांकाची फेझंट टेल किंवा हेअर्स इअर निम्फ, तिच्यावर वीतभर अंतरावर शिशाचा बारीक दाणा आणि पाण्याच्या खोलीच्या दीडपट उंचीवर इंडिकेटर, एवढ्यावर काम भागते. इंडिकेटर आपल्याकडच्या बुचाचेच काम करतो, मात्र बूच बुडण्याची वाट पाहण्याची सवय इथे सोडावी लागेल. थंड पाण्यातला ट्राउट निम्फ ओढून नेत नाही, नुसती तोंडात धरतो आणि पुढच्याच क्षणी थुंकतो. प्रवाहाबरोबर येणारा इंडिकेटर मध्येच किंचित अडखळला, किंवा शेजारून वाहणाऱ्या फेसाच्या बुडबुड्यापेक्षा मागे पडला, की लगेच काठी उचलावी. दहापैकी नऊ वेळा तो दगड निघेल, तरीही उचलावी. शिशाचा दाणा अधूनमधून तळाला घासत नसेल तर आणखी एक दाणा लावावा. मार्चमध्ये माशी बदलण्यापेक्षा वजन बदलण्याने अधिक मासे लागतात.

नियमपुस्तिका

वरील सल्ला चांगला आहे, परंतु त्यात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली. न्यू जर्सीमध्ये वसंतातले ट्राउट सोडण्यासाठी बहुतेक मोठ्या नद्या मार्चच्या मध्यापासून साधारण तीन आठवडे मासेमारीला बंद असतात आणि एप्रिलमधील ठरलेल्या शनिवारी सकाळी आठ वाजता उघडतात. विशेष नियमांच्या पट्ट्यांना आणि नैसर्गिक ट्राउटच्या ओढ्यांना वेगळे नियम लागू आहेत. त्यामुळे निघण्यापूर्वी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाची त्या वर्षीची पुस्तिका उघडून आपल्या पट्ट्याचे नाव नेमके शोधावे. वयाच्या सोळाव्या वर्षापासून परवाना लागतो आणि ट्राउटसाठी त्यावर वेगळा स्टॅम्प घ्यावा लागतो.

घरी नेण्याच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे, पण सरसकट नाही. पेक्वेस्ट हॅचरीतून (मत्स्यपैदास केंद्रातून) सोडले जाणारे रेनबो ट्राउट सर्वसाधारण पट्ट्यांतून संख्येची आणि लांबीची मर्यादा पाळून खुशाल न्यावेत. ते त्यासाठीच सोडलेले असतात. मात्र राज्याच्या उत्तर भागात ब्रूक ट्राउटसाठी आखलेल्या संरक्षित क्षेत्रात २०१८ पासून प्रत्येक ब्रूक ट्राउट पाण्यात परत सोडणे बंधनकारक आहे. तो या राज्याचा अधिकृत मासा तर आहेच, शिवाय इथल्या ओढ्यांचा मूळ रहिवासी असलेला ट्राउट तेवढा एकच. ब्राउन ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून न्यूयॉर्कला आली आणि रेनबो हा मूळचा पश्चिम किनाऱ्याकडचा. ओळख पटवायला सोपी खूण सांगतो : ब्रूकच्या पोटाकडच्या परांची पुढची कडा पांढरीशुभ्र असते आणि पाठीवर नागमोडी फिकट रेषा असतात. शंका आली तर सोडून द्यावा.

डोहतळ

मस्कोनेटकाँगविषयी आदर राखून मी वेगळा सल्ला देतो. नवख्याने एप्रिलच्या त्या शनिवारी मोठ्या नदीवर मुळीच जाऊ नये. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या गर्दीत फ्लायची लाइन मागे फेकणे धोक्याचे असते आणि त्यातून शिकायलाही काही मिळत नाही. त्यापेक्षा लहान, नैसर्गिक ट्राउटचा ओढा निवडावा. डेलावेअर वॉटर गॅपच्या राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रातला व्हॅन कॅम्पेन्स ब्रूक मला या दृष्टीने आदर्श वाटतो. हेमलॉकच्या सावलीतून तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो आणि त्यात ब्रूक, ब्राउन व रेनबो असे तिन्ही ट्राउट नैसर्गिकरीत्या वाढतात. मासे वीतभर लांबीचे असतात, हे मान्य. पण ओढा अरुंद असल्याने मासा कुठे असू शकतो याचे पर्याय मर्यादित राहतात : मोठ्या दगडामागचा शांत तुकडा, पाणी पडते त्याखालचा फेस, पोखरलेल्या काठाखालची काळोखी. ही नजर एकदा बसली की मोठ्या नदीचेही असेच लहान लहान तुकडे करून पाहता येतात.

इथे इंडिकेटरची आवश्यकता नाही. जेमतेम दहा-बारा फूट लाइन बाहेर ठेवावी, गुडघ्यावर बसून प्रवाहाच्या खालच्या बाजूने वर सरकावे आणि काठीचे टोक उंच धरून निम्फ त्या तुकड्यात सोडावी. आपली सावली पाण्यावर पडली की तो डोह अर्धा तास तरी वाया गेला असे समजावे. झाडे अंगावर आलेली असल्याने हिरवळीवर घोटलेला मागे-पुढे फेकण्याचा सराव इथे कामाला येणार नाही. रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरून पुढे लोळवत टाकणे, मात्र शिकून घ्यावा. तो पाण्यावरच नीट जमतो, गवतावर नाही, कारण लाइनला पाण्याने धरून ठेवणे आवश्यक असते.

एक कळकळीची विनंती आहे. ब्रूक आणि ब्राउन ट्राउट शरद ऋतूत खडीत अंडी घालतात आणि त्यांची पिल्ले वसंताच्या तोंडावर त्या खडीतून बाहेर पडतात. डोहाच्या शेपटीकडे, म्हणजे खालच्या टोकाला, स्वच्छ, फिकट रंगाची, सुपाएवढी खडीची जागा दिसली तर तिच्यावर पाऊल ठेवू नये.

हेंड्रिक्सन१४

मी आळशी माणूस असल्यामुळे माझा सल्लाही तसाच आहे : एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये स्टोनफ्लाय नावाचे बारीक काळे किडे बर्फावरून चालताना दिसतात, ढगाळ दुपारी ब्लू-विंग्ड ऑलिव्ह हे किडेही पाण्यातून निघतात आणि एखादा मासा वर येतोही; पण खरी मजा पाणी पन्नाशी ओलांडून काही दिवस टिकले की सुरू होते. आधी क्विल गॉर्डन आणि ब्लू क्विल हे किडे निघतात, मग हेंड्रिक्सन. साधारण दुपारी दोन-तीनच्या सुमारास, एकही वर्तुळ नसलेल्या पाण्यावर करड्या पंखांच्या माश्या शीड उभारलेल्या होड्यांसारख्या तरंगू लागतात, आणि पाहता पाहता खळाळाच्या कडेने एकामागून एक नाके वर येऊ लागतात. तास-दीड तासात सगळे आटोपते.

यासाठी साउथ ब्रँच रॅरिटनवरची केन लॉकवुड गॉर्ज पाहावी. एडिसनहून ती मस्कोनेटकाँगपेक्षा जवळ पडते. मोठमोठ्या शिळांमधून जाणारी ही घळ इतकी देखणी आहे की मासा लागला नाही तरी फेरी फुकट गेल्यासारखी वाटत नाही. अर्थात शिळा निसरड्या असतात, हेही सांगितले पाहिजे. तिथे फक्त कृत्रिम आमिष वापरता येते. माशी १२ किंवा १४ क्रमांकाची हेंड्रिक्सन घ्यावी. रॉय स्टीनरॉड यांनी १९१६ च्या सुमारास शेजारच्या कॅट्सकिल डोंगरांत बांधलेला तो नमुना आजही जसाच्या तसा चालतो. नव्या, चकचकीत नमुन्यांच्या मागे लागण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

वहाळकाठ

सर्वांचे मनापासून आभार. थर्मामीटर आणि पुस्तिका या दोन गोष्टी लगेच करतो. आता दोन शंका उरल्या आहेत. पाणी गढूळ किंवा चढलेले आहे हे घरबसल्या कळण्याचा मार्ग आहे का, म्हणजे सव्वा तास गाडी चालवून परतावे लागणार नाही? आणि वेडर्स (पाण्यात उतरण्यासाठीची जलरोधक विजार) आताच घ्यावेत, की गमबूट पुरतील? बहुतेक वेळा मी एकटाच जाणार आहे.

काठावरची

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची प्रवाहमापके साउथ ब्रँचवर हाय ब्रिजजवळ आणि मस्कोनेटकाँगवर ब्लूम्सबरीजवळ बसवलेली आहेत. त्यांचे ताजे आकडे संगणकावर कोणालाही पाहता येतात. एकट्या आकड्याला अर्थ नसतो; त्या तारखेच्या दीर्घकालीन मध्यकाशी तो ताडून पाहावा. मध्यकाच्या दुपटीवर प्रवाह असेल तर मी घराबाहेर पडत नाही. आलेख उतरणीला लागला असेल आणि पाणी हिरवट चहाच्या रंगाचे असेल, तर मात्र तो चांगला दिवस असतो. अशा पाण्यात मासा बुजत नाही आणि काळा वूली बगर (पाण्याखालून ओढायची केसाळ माशी) काठालगत सावकाश ओढल्यास मोठा ब्राउन लागण्याची शक्यता असते.

वेडर्सबाबत माझे मत वहाळकाठ दादांना कदाचित आवडणार नाही. एकटे जाणार असाल तर पहिला हंगाम गमबुटांवर आणि काठावरूनच काढावा. ४२ अंश फॅरनहाइटच्या पाण्यात तोल गेला तर आधी श्वास अडकतो आणि काही मिनिटांत बोटे ऐकेनाशी होतात. खाडीत पोहण्याचा सराव तिथे उपयोगी पडत नाही, कारण खाडीचे पाणी इतके थंड कधीच नसते. पुढे वेडर्स घ्याल तेव्हा कमरेचा पट्टा घट्ट आवळल्याशिवाय पाण्यात उतरू नये, हातात आधाराची काठी असावी, आणि कोरड्या कपड्यांचा एक पूर्ण जोड गाडीत ठेवावा. आत सुती कपडे नकोत, लोकरीचे किंवा फ्लीसचे असावेत. हातमोजे बोटे उघडी ठेवणारे घ्यावेत, पण मासा हाताळताना ते काढून हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. गळाचे काटे पक्कडीने दाबून टाकले की मासा पाण्यातच सुटतो. हवा गोठणबिंदूखाली असेल तर त्याला पाण्याबाहेर काढूच नये, कल्ले चटकन इजा पावतात.

परत आल्यावर दोन कामे न चुकता करावीत. एक, अंगावर आणि विशेषतः गुडघ्यामागे गोचीड शोधावी. थंडी आहे म्हणून ती नसते हा गैरसमज आहे, पारा गोठणबिंदूच्या वर गेला की हरणांवरच्या गोचिडी हिंडू लागतात आणि लाइम रोगाचा इथे खरोखर उपद्रव आहे. दुसरे, बूट घासून धुवावेत आणि पूर्ण वाळवावेत. मस्कोनेटकाँगमध्ये न्यूझीलंडची मडस्नेल ही तांदळाच्या दाण्याहून लहान गोगलगाय सापडली आहे, आणि एकच गोगलगाय नवीन ओढ्यात नवी वसाहत उभी करू शकते. मस्कीवर वापरलेले ओले बूट घालून व्हॅन कॅम्पेन्सला जाणे कटाक्षाने टाळावे.

मस्कीशेजारी

काठावरच्या ताईंच्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे. डोहतळ यांच्या सूचनेतही तथ्य आहे, तेव्हा वहाळकाठ यांनी नद्या बंद असतील त्या आठवड्यांत पुस्तिका पाहून लहान ओढ्यावर जावे, आणि पॉइंट माउंटनला एप्रिलमधल्या उद्घाटनाची गर्दी ओसरल्यावर एखाद्या आठवड्याच्या मधल्या दिवशी यावे. पेटीत फेझंट टेल, हेअर्स इअर, काळी स्टोनफ्लाय निम्फ, ब्लू-विंग्ड ऑलिव्ह, हेंड्रिक्सन आणि वूली बगर एवढ्या असल्या की पुरे. मात्र प्रत्येकीच्या तीन-तीन घ्याव्यात, कारण तळाशी निम्फ नेणारा माणूस निम्फ गमावतोच. घरी न्यायचा रेनबो हवा असेल तर त्यासाठी विशेष पट्ट्याच्या बाहेर, नदीच्या खालच्या भागात वेगळी फेरी ठेवावी. रव्यात तळण्याआधी हळद-मीठ आणि कोकमाचे आगळ लावून तो अर्धा तास ठेवावा, कारण हॅचरीच्या माशाला स्वतःची चव फारशी नसते.