निवडणूक रोखे रद्द झाले, पण कंपन्यांच्या पैशाचे काय?

प्रश्न : सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे, म्हणजे बँकेतून विकत घेऊन पक्षांना नाव न उघड करता देणगी देण्याचे कागद, घटनाबाह्य ठरवले, तेव्हा मनापासून समाधान वाटले. पण कंपन्यांनी पक्षांना देणग्या देणे आजही कायदेशीर आहे. मग नेमके बदलले काय?

उत्तर १ : बरेच बदलले. २०१७ पूर्वी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता येत असे. त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती करून ती मर्यादा उठवल्यामुळे तोट्यातल्या किंवा निव्वळ कागदोपत्री असलेल्या कंपनीलाही हवी तेवढी रक्कम देण्याची मुभा मिळाली होती. न्यायालयाने ती दुरुस्तीही रद्द केली, आणि माझ्या मते निकालाचा हाच भाग अधिक मोलाचा आहे.

उत्तर २ : गुप्ततेचा मुद्दाही विसरता कामा नये. रोख्यावर देणगीदाराचे नाव नसे, परंतु तो अतिनील प्रकाशात धरला की साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक उमटे. रोखे विकण्याचा अधिकार केवळ स्टेट बँकेला होता. म्हणजे खरेदीची माहिती सरकारी बँकेच्या दप्तरी होती, अंधारात होता तो फक्त मतदार. हे मला आजही संतापजनक वाटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. म्हणजे आता पैशाला आळा बसला, असे समजावे का?

उत्तर १ : तसे समजू नये. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपयांची खर्चमर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला मात्र कोणतीही मर्यादा नाही. शिवाय निवडणूक न्यासांमार्फत, म्हणजे देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांमार्फत, कंपन्यांचा पैसा पक्षांकडे जातच आहे. फरक इतकाच की त्याची नावनिशीवार नोंद निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते.